पायी येणाऱ्या कोचचा पगार

सगळी भानगड झाली ती आमचं घर मैदानाला लागून होतं म्हणून. मागच्या अंगणाचं फाटक उघडलं की समोर कॉलेजचं मैदान. मी लांबून गाडी हाकत येत असते तर एवढी चर्चा झालीच नसती, कारण तिथे जो खेळ चालायचा त्यात कोचला देतात ते फक्त गाडीचे पैसे. पगार नाही, मानधनही नाही. मैलामागे ठरलेली रक्कम, सामन्यानंतर चहा-सँडविच आणि वर्षाअखेरीस एखादी काचेची फुलदाणी. मी चपला घालून चालत यायची. त्यांच्या पद्धतीने माझे होत होते शून्य.

हे आयर्लंडमधलं, दोन हजार सालानंतरच्या वर्षांतलं. नवरा वॉटरफोर्डच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर होता आणि भाडं परवडावं म्हणून आम्ही तिथून जरा लांब, एका छोट्या कॉलेजच्या गावात राहत होतो. मी मूळची नागपूरची. शाळेपासून खो-खो खेळले, विद्यापीठाच्या संघात होते, बी.पी.एड. केलं आणि लग्नाआधी मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होते. आयर्लंडला आल्यावर पासपोर्टवरच्या शिक्क्याने सांगितलं की बाईंनी काम करायचं नाही. पहिले काही महिने मला ती चैन वाटली. मग हळूहळू अंगावर यायला लागलं. कुठे जेवायला गेलं आणि कुणी विचारलं, तुम्ही काय करता, की नवरा घाईघाईने सांगायचा, ही टीचर आहे. तो प्रेमाने म्हणायचा, पण मला राग यायचा. शिकवते ती टीचर. मी मुलीला वाढवत होते, घर चालवत होते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदान बघत होते.

मैदानावर कॉलेजच्या मुली फुटबॉल खेळायच्या. आपण टीव्हीवर बघतो तो फुटबॉल नव्हे, त्यांचा स्वतःचा. त्यात चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलं झाली की तो जमिनीवर आपटायचा, नाहीतर पायाने उडवून परत हातात घ्यायचा. त्यांना शिकवायला एक म्हातारे गृहस्थ यायचे. डेअरीतून निवृत्त झालेले, डोक्यावर सदैव टोपी, एका गुडघ्यातून लंगडणारे. त्या गावात सत्तरीच्या माणसालाही पहिल्या नावाने हाक मारतात. माझ्या जिभेला ते काही वळेना, म्हणून मी त्यांना 'सर' म्हणायची आणि ते दरवेळी मागे वळून बघायचे, दुसरं कुणी आलंय की काय म्हणून.

त्या मुलींकडे दम होता, ताकद होती, निर्भयपणा तर इतका की बघून धडकी भरावी. पण हुलकावणी म्हणजे काय ते एकीलाही ठाऊक नव्हतं. समोर प्रतिस्पर्धी आली की सरळ जाऊन तिच्यावर आदळायच्या. जिच्याकडे चेंडू, ती कुठे वळणार हे तिचा खांदाच आधी सांगून टाकायचा. मी खिडकीत भांडी विसळताना पुटपुटत असायची, अगं डावीकडे दाखव आणि उजवीकडे जा. एक दिवस काही राहवलं नाही. फाटक उघडून गेले आणि त्यांच्या कॅप्टनला, दुधाचा गोठा असलेल्या घरातली उंचनिंच पोरगी होती ती, हे जाऊन सांगितलं.

"दाखवा ना करून," ती म्हणाली. उद्धटपणाने नाही, खरंच कुतूहलाने.

मी अंगावरच्या सलवार-कमीजची ओढणी कमरेला बांधली. मैदानाच्या एका कोपऱ्यात त्यांच्या पिशव्या मांडून चौकोन केला आणि म्हटलं, यात मला शिवून दाखवा. आधी एकटी कॅप्टन आली, मग दोघी, मग तिघी. तिशी उलटून गेली होती, बाळंतपणानंतर धावणं असं झालंच नव्हतं. पण पाय विसरले नव्हते. पुढच्या पावलावर वजन टाकायचं नाही, डोळे समोरचीच्या कमरेवर ठेवायचे, थांबायचं आणि ती थांबली की निघायचं. त्या एकमेकींवर आदळल्या, गवतावर लोळल्या, हसून हसून बेजार झाल्या, पण मी काही हाताला लागले नाही. शेवटी मला दम लागला म्हणून मीच थांबले. छातीत भाता चालला होता आणि मला इतका आनंद झाला होता की घरी येऊन मी चहा ठेवला आणि तो उतू गेला तरी मला कळलं नाही.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. 'सर' बाजूला उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, "हा कुठला खेळ म्हणायचा?" मी सांगितलं. त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले आणि शेवटी मान हलवून म्हणाले, "ग्रँड," म्हणजे तिथल्या बोलीत 'छान, चालेल'. त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं, असं कॅप्टनने मला नंतर सांगितलं.

पुढच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांनी जाहीर केलं की आता बस. नवीन कोच कोण, असा प्रश्न आला तेव्हा माझं नाव त्यांनीच सुचवलं. त्याच सुमारास आमच्यासारख्या डॉक्टरांच्या बायकांना कामाची परवानगी मिळणं सोपं झालं होतं आणि माझे कागद नुकतेच हातात आले होते. कॉलेजच्या क्रीडाधिकारी बाई घरी आल्या, माझ्या हातचे पोहे खाल्ले आणि विचारलं, संघ घ्याल का? मी हो म्हटलं. त्या गेल्यावर मी प्रेस उघडून, म्हणजे कपाट, आम्ही एव्हाना कपाटाला प्रेसच म्हणत होतो, तळाशी ठेवलेली नागपूरची शिट्टी काढली. मुलीच्या कानाशी वाजवली. तिने मला इंग्रजीत झापलं.

मग समितीची बैठक झाली. क्रीडाधिकारी बाई, हिशेब बघणारे एक प्राध्यापक आणि 'सर', एवढेच होते. वेळापत्रक ठरलं, सामने ठरले, आणि मग बाईंनी पेनाशी चाळा करत विचारलं, "बरं, आणि तुमची स्वतःची काही अपेक्षा?"

आता नोकरी देणाऱ्याने असं विचारलं की मराठी मध्यमवर्गीय घरात वाढलेली बाई काय म्हणणार? आमच्याकडे आकडा उच्चारणं म्हणजे हावरटपणा. आपण म्हणायचं, तुम्हीच ठरवा. मग समोरच्याने आपला मान ठेवून योग्य ते ठरवायचं. मी तेच म्हटलं, वर हसून म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते."

"अहो, फारच चांगल्या आहात तुम्ही," बाई म्हणाल्या. प्राध्यापकांनी लिहून घेतलं. सगळ्यांचे चेहरे खुलले. चहा आला, सँडविच आली, त्यातली अंड्याची मला खास बाजूला काढून दिली. मी हवेत तरंगत घरी आले.

रात्रीच्या जेवणाला नवऱ्याने विचारलं, "मग, किती देणारेत?"

"ते कळवतील ना. मी म्हटलं, तुम्हीच ठरवा."

त्याने घास खाली ठेवला. "तू असं म्हणालीस? आणि ते काय म्हणाले?"

"म्हणाले, फार चांगल्या आहात."

"संपलं," तो म्हणाला. "अगं, इथे त्याचा अर्थ होतो की बाई फुकट करायला तयार आहेत. इथली माणसंसुद्धा आधी नको नकोच म्हणतात, पण त्यांना समोरच्याने दोनतीनदा आग्रह करायचा असतो. तुला कुणी आग्रह केला?"

कुणीही केला नव्हता. आणि मग संताप आला, तो सगळ्यांवर आला. त्या वर्षांत आयर्लंडमध्ये पैशाचा नुसता पूर आला होता. आमच्या रस्त्यावर कुंपण रंगवून द्यायलासुद्धा माणूस महिनाभर आधी सांगावा लागायचा आणि तो मागेल ते द्यावं लागायचं. कॉलेजमध्ये संध्याकाळी टायपिंग शिकवणाऱ्या बाईंना तासावर पैसे मिळत होते, केक सजवायला शिकवणाऱ्या बाईंनाही. मी पदवी घेऊन, मैदानावर अर्धं आयुष्य घालवून शिकवणार होते तर माझ्यासाठी फुलदाणी. नवरा म्हणाला, "आपल्याला कुठे पैशाची गरज आहे, जाऊ दे." त्या वाक्यावर तो आठवडाभर पस्तावला. गरज माझ्या घराला नव्हती, मला होती. इतकी वर्षं मी कुणाची तरी बायको म्हणून त्या देशात राहत होते. मी जे जाणते त्याला काम म्हणतात, हे कुणीतरी मोजून मान्य करावं एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी क्रीडाधिकारी बाईंकडे गेले आणि सांगितलं की मला तासाप्रमाणे पगार हवा आहे. बाई लालबुंद झाल्या. दुष्ट नव्हत्या बिचाऱ्या, त्यांना खरंच अवघडल्यासारखं झालं होतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात तोड सुचवली. या खेळात पगार कुणालाच नसतो, ना खेळाडूंना, ना कोचला, ती त्यांची परंपरा. पण गाडीचे पैसे चालतात. तेव्हा आपण असं लिहू की तुम्ही वॉटरफोर्डहून येता. आठवड्यातून तीनदा, जाऊन-येऊन. बरी रक्कम होते.

"पण मी मागच्या फाटकातून येते," मी म्हटलं. "आणि मला गाडी चालवता येत नाही."

"ते कोण बघतंय?"

त्यांच्या मनात माझं भलं करायचं होतं, हे मला समजत होतं. तरी मला रडू आलं. पगार मागायला आले होते आणि मला न केलेल्या प्रवासाचे पैसे मिळत होते, केलेल्या कामाचे नाहीत. मी म्हटलं, "पुन्हा बैठक बोलवा. मी सगळ्यांसमोर मागते."

पुन्हा बैठक भरली. या वेळी चहा आधीच आला, हे काही शुभचिन्ह नव्हतं. मी उभी राहिले, खरं तर कुणीच उभं राहत नव्हतं, आणि आकडा सांगितला. संध्याकाळच्या वर्गांना जो तासाचा दर तोच, टायपिंगच्या बाईंपेक्षा एक युरो कमी नाही आणि एक युरो जास्त नाही. मैदानावरचा तास हा शिकवण्याचा तास आहे.

मग 'सर' बोलले. माझं नाव सुचवणारे तेच, आणि विरोधही त्यांचाच. टोपी हातात घेऊन, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मी या मैदानावर आयुष्य काढलं. माझ्या वडिलांनी इथले दगड वेचले. आम्ही एक पैसा घेतला नाही आणि कधी मागितला नाही. तुम्ही पैसे घेणार, तर मग मी इतकी वर्षं काय करत होतो? मूर्ख होतो का?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, दुखावलेला होता. माझ्या बाबांच्या वयाचा माणूस. क्षणभर वाटलं की जाऊ दे, घे ती फुलदाणी आणि बस खाली. पण मग मी बसलेच नाही.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही मूर्ख नव्हता. हे तुमचं घर आहे. घरच्या कामाचे पैसे कुणी मागत नाही. तुमच्या वडिलांनी दगड वेचले, तुमच्या मुली इथे खेळल्या, उद्या तुमच्या नाती खेळतील. तुम्हाला या गावात काय करता असं कुणी विचारत नाही. मला रोज विचारतात. मी अजून घरची झालेले नाही, म्हणून फुकट काम करणं मला परवडत नाही. आज मी कामावर आले आहे. घरची झाले तर घरच्यासारखंही करीन."

हे सगळं मी माझ्या नागपुरी इंग्रजीत बोलले आणि बोलून झाल्यावर मला माझाच अभिमान वाटला. अजूनही वाटतो, लपवायचं कशाला?

प्राध्यापकांनी घसा साफ केला आणि म्हणाले की शारीरिक शिक्षणाची अर्धवेळ शिक्षिका म्हणून कॉलेजला नेमता येईल, त्यात कुठला नियम मोडत नाही. दर तोच, संध्याकाळच्या वर्गांचा. बाईंनी हात वर केला. 'सरां'नी केला नाही, पण विरोधातही केला नाही. टोपी घातली आणि निघून गेले.

त्यानंतर ते मैदानावर यायचे बंद झाले. ऑपरेशनचं कारण होतं, पण मला माहीत होतं की तेवढंच नाही. मी मुलींना शिकवत राहिले. त्यांना खांबाऐवजी बांबू रोवून त्यांच्याभोवती वळायला लावलं, उकिडवं बसून उठल्या उठल्या सुसाट सुटायला लावलं. एकीची चूक झाली की सगळ्यांना उठाबशा, ते मात्र कॅप्टनने दुसऱ्या दिवशी बंद पाडलं, कोच, इथे असं नाही चालत म्हणाली. त्यांच्या खेळाचे बारकावे मला त्यांच्याकडूनच शिकावे लागले. पहिला पगार बँकेत जमा झाला त्या दिवशी मी दुधाच्या पावडरचे पेढे केले. ते जरा चिवट झाले होते. मुलींनी ते चिखलाच्या हातांनीच खाल्ले आणि कशाबद्दल म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझ्या पगाराबद्दल. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोन पेढे डब्यात घालून मी 'सरां'च्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं, कुबडी घेऊन. डबा घेतला, बघितला, आत या म्हणाले नाहीत. घरी येताना मला फार वाईट वाटत होतं.

मग एका संध्याकाळी पाऊस भुरभुरत असताना ते कुंपणाशी उभे दिसले. मी गेले नाही, मुद्दाम. त्या दिवशी आमची डाव्या बाजूची छोटी पोर तिघींना हुलकावण्या देत आरपार गेली, अगदी खो-खोतल्या पळतीवाल्या मुलीसारखी, आणि चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून मारला, त्यांच्या खेळात त्याचा गुण मिळतो. सराव संपल्यावर ते लंगडत आले. मला माझा डबा परत दिला, धुतलेला, आत घरचा ब्राऊन ब्रेड.

"त्या छोटीचं काम महाग पडलं असेल कॉलेजला," ते म्हणाले.

"तासाचा जो दर आहे तोच," मी म्हटलं.

"मग स्वस्तात मिळालं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बाजूला उभे राहायला लागले.

त्या वर्षी आमचा संघ कॉलेजांच्या स्पर्धेत उपांत्य सामन्यापर्यंत गेला. तिथे एका गुणाने हरलो. मी बसमध्ये मागे बसून रडले आणि मुलींनी माझी समजूत काढली, हे उलटंच झालं. पण त्या छोट्या कॉलेजने इथवर कधी मजल मारली नव्हती. गावातल्या दुकानात मला भाजी घेताना लोक थांबवून सामन्याबद्दल विचारू लागले. तुम्ही काय करता, हे विचारणं मात्र थांबलं.

पुढच्या उन्हाळ्यात 'सरां'नी विचारलं, गावातल्या लहान मुलींना शनिवारी सकाळी थोडं शिकवाल का? पैशाचं ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. माझी मुलगी त्यातच होती, गुडघे फोडून घेत होती आणि त्यांच्यासारख्याच सुरात ओरडत होती. त्या शनिवारांचे पैसे मागायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ते माझ्या लक्षात आलं एकदा घरी बूट धुताना, आणि मी नळ सुरू ठेवून तशीच उभी राहिले. मी घरची झाले होते.

दोन हजार सातमध्ये नवऱ्याला डब्लिनला कायमची जागा मिळाली. शहराबाहेर ॲडम्सटाउनला नवीन घरं झाली होती, स्टेशन दाराशी, तिकडे जायचं ठरलं. जाण्याआधी माझी शेवटची बैठक होती आणि विषय एकच, नवीन कोच. या खेपेला मी टेबलाच्या देणाऱ्या बाजूला होते. समोर बसली होती आमची जुनी कॅप्टन. शिकून बाहेर पडली होती, शेजारच्या गावात शाळेत शिकवत होती, आणि हुलकावणी तिला आता माझ्यापेक्षा बरी जमायची. वेळापत्रक ठरलं, सामने ठरले. क्रीडाधिकारी बाईंनी पेनाशी चाळा करत विचारलं, "बरं, आणि तुझी स्वतःची काही अपेक्षा?"

"अहो, काही नको हो," ती लाजून म्हणाली. "तुम्हाला योग्य वाटेल ते."

बाईंनी खाली बघितलं, लिहायला. मी तोंड उघडणार तोच पलीकडून टेबलावर थाप पडली. 'सरां'ची होती.

"असलं काही नाही," ते म्हणाले. "आकडा सांग, मुली. या बाईंना त्यासाठी दोनदा यावं लागलं होतं."

ती गोरीमोरी झाली. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला काही सांगितलं नाही, खूणही केली नाही, नुसती तिच्या कमरेकडे बघत होते, सवयीने, ती आता कुठे वळणार म्हणून. तिने खांदे सरळ केले आणि स्पष्ट आवाजात आकडा सांगितला.

तो माझ्या दरापेक्षा जास्त होता. चांगलाच जास्त.

प्राध्यापकांच्या भुवया वर गेल्या. 'सरां'नी माझ्याकडे बघितलं. पहिला हात मी वर केला.